१ जुलैला उघडणारी दारं: बाभळी बंधारा आणि चढणीचे मासे

१ जुलैच्या सकाळी नांदेड जिल्ह्यातल्या, गोदावरीवरच्या बाभळीच्या बंधाऱ्यावर गाड्या लागतात. आपल्या जलसंपदा खात्याचे अभियंते, पलीकडून तेलंगणाचे, आणि दोघांच्या मध्ये केंद्रीय जल आयोगाचा माणूस. पट्टीवरची पाणीपातळी वाचली जाते, कागदावर चढते, सह्या होतात आणि बटण दाबलं जातं. चौदा दरवाजे एकामागून एक वर जायला लागतात. पाणी लगेच दिसत नाही, आधी आवाज येतो. दरवाजाच्या खालच्या कडेचं रबर उंबऱ्यापासून सुटतं, फटीतून गढूळ फेस फुस्सकन बाहेर पडतो आणि मग धार लागते. काठावर उभे असलेले शेतकरी काही बोलत नाहीत. गोदावरीला तेव्हा बहुधा मोठं पाणी आलेलं नसतं. उन्हाळाभर पुरवून पुरवून वापरलेला तळाचा साठा तेवढा असतो, तोही खाली तेलंगणातल्या पोचमपाड धरणाकडे निघून जातो.

तिथून २८ ऑक्टोबरपर्यंत दरवाजे वरच टांगलेले. मोजून १२० दिवस. अख्ख्या पावसाळ्यात या ठिकाणी नदी अडवायला मनाई आहे, आणि ती मनाई सर्वोच्च न्यायालयाची आहे.

मी धर्माबादच्या बाजूचा, भूगोल शिकवतो. बाभळीचं प्रकरण वर्गात कितीदा सांगितलं त्याची गणती नाही, आणि दर वेळी एकाच सुरात सांगितलं: आपल्या पैशाने बांधलेला बंधारा, आपल्याच तालुक्यात, आणि भर पावसाळ्यात तो रिकामा. हा सूर खोटा नाही. पण एका जुलैत बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं विणणाऱ्या एका भोई मामांशी बोलत होतो. मी नेहमीचं गाऱ्हाणं लावलं, पाणी गेलं म्हणून. मामा मान वर न करता म्हणाले, “सर, पानी गेलं ते समद्यानी बघितलं. मासा वर आला, त्यो कोण बघितलाव?”

हे लिखाण त्या प्रश्नावर आहे. नदी मोकळी करायची म्हणजे धरण पाडायचं, असं जगात सध्या बोललं जातं आणि काही ठिकाणी केलंही जातं. मराठवाड्यात ते होणे नाही. पण पाडण्याच्या खालोखाल जे काही करता येतं, ते आपल्याकडे एका ठिकाणी दर वर्षी घडतं आहे. माशांसाठी म्हणून कोणी ते केलेलं नाही.

पाडलेली धरणं आणि आपण

अमेरिकेच्या वायव्य टोकाला एल्वा नावाची नदी आहे. लांबीने आपल्या एखाद्या मन्याड-लेंडीसारखीच म्हणा. तिच्यावर १९१३ आणि १९२७ मध्ये विजेसाठी दोन धरणं बांधली गेली, दुसरं २१० फूट उंच. समुद्रातून अंडी घालायला वर येणाऱ्या सामन माशांची वाट बंद झाली, आणि त्या माशांवर जगणाऱ्या क्लॅलम या आदिवासी जमातीचं जगणंही. १९९२ मध्ये तिथल्या संसदेने नदी पूर्ववत करण्याचा कायदा केला. प्रत्यक्ष पाडकाम २०११ मध्ये सुरू झालं आणि २०१४ मध्ये संपलं. भिंतींमागे साचलेला गाळ वाहून मुखाशी गेला, तिथे नवा किनारा तयार झाला आणि मासे परतले. त्याआधी १९९९ मध्ये मेन राज्यातल्या केनेबेक नदीवरचं १८३७ सालचं एडवर्ड्स धरण फोडलं गेलं होतं. क्लॅमथ नदीवरची चार धरणं तर परवा परवा, २०२४ मध्ये पूर्ण निघाली, आणि काही आठवड्यांतच सामन जुन्या धरणांच्या जागा ओलांडून वर गेलेले दिसले.

या बातम्या वाचून आपल्याकडचा एखादा उत्साही माणूस जायकवाडीकडे बोट दाखवतो. अशांना मी एवढंच सांगतो की क्लॅमथवरच्या त्या चार धरणांतून कुणाचं शेत भिजत नव्हतं आणि कुणाची घागर भरत नव्हती. वीज होत होती, आणि जुन्या धरणाची दुरुस्ती करून परवाना टिकवण्यापेक्षा ते पाडणं मालक कंपनीला परवडत होतं. पैठणच्या नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर, छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याचं पिण्याचं पाणी आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते ज्यांनी पाहिलं त्यांच्यापुढे धरण पाडण्याचा शब्द काढून बघा. पाहुणचाराचा चहा अर्धवट राहील.

पैठणच्या खाली गोदावरी आता सलग नदी उरलेली नाही. आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी, ढालेगाव, तारुगव्हाण, मुद्गल, डिग्रस, अंतेश्वर, मग नांदेडचं विष्णुपुरी, पुढे आमदुरा, बळेगाव आणि शेवटी बाभळी. नकाशावर बोट फिरवत गेलं की जिन्याच्या पायऱ्या मोजल्यासारखं वाटतं. उन्हाळ्यात प्रत्येक पायरीवर पाणी उभं, आणि मधल्या पट्ट्यात वाळू आणि ती नेणारे हायवा ट्रक. या जिन्याची सगळ्यात खालची पायरी तेवढी कोर्टाच्या हुकमाने चार महिने उघडी असते.

भांडण पाण्याचं होतं

बाभळी धर्माबाद तालुक्यात, राज्याच्या सीमेच्या सात किलोमीटर अलीकडे आहे. खाली ८१ किलोमीटरवर निजामाबादकडचं पोचमपाड धरण, म्हणजे श्रीरामसागर. त्याचा फुगवटा सीमा ओलांडून आपल्या हद्दीत येतो आणि बाभळीच्याही वर सरकतो. खरी मेख इथेच आहे. पोचमपाडची पूर्ण पातळी १,०९१ फूट, मीटरमध्ये ३३२.५४. बाभळीची पूर्ण पातळी ३३८ मीटर. म्हणजे बाभळीच्या तळाशी जे पाणी उभं राहणार, त्याचा एक थर पोचमपाडच्याही हिशोबात मोजलेला. एकाच पाण्यावर दोन सातबारे.

बाभळीचा साठा २.७४ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी), त्यातला हा सामाईक थर ०.६ टीएमसीचा. महाराष्ट्राचं म्हणणं होतं की ६ ऑक्टोबर १९७५ च्या करारानुसार पैठणच्या खाली नव्या वापरासाठी आम्हाला ६० टीएमसी मिळालेलं आहे, हे २.७४ त्यातलंच. तेव्हाच्या अखंड आंध्रचं म्हणणं, आमच्या जलाशयाच्या पोटात तुम्ही भिंत कशी घालता? २००६ मध्ये आंध्र प्रदेशाने थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. २००७ च्या अंतरिम हुकमाने बांधकाम चालू ठेवायला हरकत घेतली नाही, पण दरवाजे बसवायला मनाई केली. खांब उभे, दारं नाहीत, अशी ती वर्षं आमच्या डोळ्यांसमोर गेली. २०१० च्या जुलैत चंद्राबाबू नायडू आपले आमदार-खासदार घेऊन बंधारा बघायला निघाले, धर्माबादेत अटक झाले, त्यांना इथल्या आयटीआयमध्ये ठेवलं गेलं. मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं आमचं गाव त्या आठवड्यात देशभरच्या वाहिन्यांवर होतं. आयटीआयच्या फाटकासमोर तेव्हा जेवढे कॅमेरे होते, तेवढे बंधाऱ्यावर कधी आले नाहीत.

२८ फेब्रुवारी २०१३ ला न्या. लोढा, न्या. ठाकूर आणि न्या. दवे यांच्या पीठाने निकाल दिला. बंधारा राहील. मात्र १ जुलै ते २८ ऑक्टोबर गोदावरीच्या नैसर्गिक प्रवाहाला पोचमपाडच्या दिशेने अडथळा होता कामा नये. २९ ऑक्टोबरपासून जूनअखेरपर्यंत महाराष्ट्राने २.७४ टीएमसीच्या मर्यादेत पाणी अडवावं आणि वापरावं. सामाईक थराच्या बदल्यात १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडावं. देखरेखीला तीन जणांची समिती, त्यात केंद्रीय जल आयोगाचा प्रतिनिधी. पुढच्याच वर्षी तेलंगण वेगळं झालं आणि समितीतली आंध्रची खुर्ची त्यांच्याकडे गेली.

नांदेडच्या शेतकऱ्याचं दुखणं या तारखांत आहे. २८ ऑक्टोबर म्हणजे स्वाती नक्षत्र. पाऊस संपून गेलेला, परतीचंही पाणी वाहून गेलेलं. त्यानंतर दरवाजे खाली टाकायचे आणि नदीत जी काही शिल्लक धार असेल तिच्यावर बंधारा भरायची वाट बघायची. वरच्या बंधाऱ्यांनी आपापली दारं आधीच टाकलेली असतात, त्यामुळे ती धारही पुरती पोहोचत नाही. पाऊसकाळ बरा असेल तर बाभळी भरतो. नसेल तर सिमेंटचा पूल बांधला असता तरी चाललं असतं, असं लोक म्हणतात, आणि त्यांना खोडून काढायला माझ्याकडे काही नाही.

इतकं सगळं झालं, दोन राज्यांचे मोठमोठे वकील उभे राहिले, आणि निकालाचा सगळा तोल टीएमसीवर राहिला. ‘नैसर्गिक प्रवाह’ हे शब्द त्यात आले तेही खालच्या धरणात पाणी पोहोचावं म्हणून.

मासा का चढतो

मृगाचा पाऊस पडून ओढ्याला लाल पाणी आलं की पोरं टोपली घेऊन धावतात, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात पन्नाशीच्या पुढच्या माणसाला विचारा. चढणीचे मासे. पाण्याच्या उलट, खळखळाटातून, कधी कधी तर वावरातल्या सरीत. चवीला हेच मासे चांगले, कारण ते अंड्यांनी भरलेले असतात. आमच्याकडे त्या अंड्यांना गाभोळी म्हणतात आणि ती तळून खाल्ली जाते. चढणीचा मासा मारणं म्हणजे पेरणीचं बी खाणं, हे म्हातारे कोळी-भोई जाणतात. जाणूनही मारतात, कारण पैसा त्याच आठवड्यात असतो.

रोहू, कटला, मृगळ या जातींची मादी साचलेल्या पाण्यात अंडी टाकत नाही. पुराचं वाढतं, गढूळ, किंचित थंड पाणी अंगावर आलं की ती वर निघते आणि काठाच्या नुकत्या बुडालेल्या उथळ जागी अंडी सोडते. ही अंडी कशाला चिकटत नाहीत. पाणी पिऊन फुगतात आणि प्रवाहासोबत तरंगत खाली जातात, एका दिवसाच्या आत फुटतात. म्हणजे या माशाला दोन्ही हवं: मोठ्यांना वर जायला वाट आणि अंड्यांना खाली यायला वाहतं पाणी. मध्ये दरवाजा टाकला की वाट तर अडतेच, वरून तरंगत आलेली अंडीही उभ्या पाण्यात तळाच्या गाळावर बसतात आणि गुदमरतात. लोक पहिलीच अडचण धरून बसतात, दुसरी तितकीच वाईट आहे.

ही जात पाळण्याच्या तळ्यात विणत नाही, या एका अडचणीवर भारतातली सगळी मत्स्यशेती अडलेली होती. १० जुलै १९५७ ला डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून अंडी मिळवली. तो दिवस आता मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. तेव्हापासून आपल्या तलावांत बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडली जाते, सहकारी संस्था ती दर वर्षी विकत आणतात, आणि कागदावर मत्स्योत्पादन वाढतं. नदी जे फुकटात करत होती, ते आता इंजेक्शन आणि टेम्पो करतात. मी याला नावं ठेवत नाही, संस्थांचे संसार त्यावर चालतात. पण एखाद्या जलाशयात मासा ‘आहे’ म्हणजे तिथे तो ‘विणतो’ असं नव्हे, एवढं लक्षात असू द्यावं. मरळ तग धरतो, त्याला हवेतून श्वास घेता येतो. चिलापी तर उभ्या पाण्यातच फोफावते. शिवड्यासारख्या नदीतल्या माशाचं तसं नाही. बाजारात शिवडा कमी आणि चिलापी जास्त दिसू लागली की नदीचं तळं झालं असं समजायचं.

बाभळीचं वेगळेपण आता दिसतं. खाली पोचमपाडचा प्रचंड जलाशय, म्हणजे मोठ्या माशांचं वर्षभराचं घर. पावसाळ्यात तिथून चढणाऱ्या माशाला दोन वाटा. कंदकुर्तीच्या संगमावर डावी-उजवी करायची: मांजरेत शिरायचं की गोदावरीने वर यायचं. मांजरेच्या वाटेवर पुढे निजामसागर आहे, १९३१ पासूनचा. गोदावरीच्या वाटेवर पहिलं दार बाभळीचं, आणि ते उघडं.

शिवाय पातळ्यांचं गणित, ज्यावरून दोन राज्यं कोर्टात गेली, तेच माशाच्या पथ्यावर पडतं. पोचमपाड भरत आलं की त्याचा फुगवटा बाभळीच्या उघड्या दारांतून वर सरकतो, कारण तो ०.६ चा सामाईक थर बाभळीच्या वरच तर आहे. तेव्हा दोन्ही बाजूंचं पाणी एका पातळीला येतं. माशाला उडी मारायची नाही, जोराच्या धारेशी झगडायचं नाही. उंबरा पाण्याखाली, वाट सपाट. युरोप-अमेरिकेत धरणाच्या कडेला पायऱ्यापायऱ्यांची मत्स्यवाट बांधायला मोठा खर्च करतात, आणि त्या तरी सामनसारख्या उडी मारणाऱ्या माशासाठी. आपल्या कटल्याला तशी उडी जमत नाही, त्याला असा फुगवटाच लागतो.

उघडं दार आणि मोकळी नदी

म्हणून बाभळीला मुक्त नदी म्हणायचं का? नाही. एल्वावर धरणच गेलं. इथे खांब आहेत, उंबरा आहे, खालच्या अंगाला काँक्रीटचा फरस आहे, आणि आठ महिने पाणी उभं आहे. वर गेलेल्या माशापुढे थोड्याच अंतरावर बळेगाव येतं, मग आमदुरा, मग विष्णुपुरी. त्यांचे दरवाजे पूर आला की उघडतात, ओसरला की पडतात. ते तारखेने बांधलेले नाहीत, अभियंत्याच्या अंदाजाने बांधलेले आहेत. लागोपाठ पूर राहिला तर मासा नांदेडपर्यंत जाईलही. पाऊस तुटक पडला तर मधल्याच कुठल्यातरी डोहात अडकेल. आणि समुद्राकडून येणाऱ्याची तर गोष्टच सोडा. खाली राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचा बंधारा ऑर्थर कॉटनने १८५२ मध्ये पुरा केला, तिथून पोचमपाडपर्यंत आणखी किती भिंती. आमच्या मुलांनी गोदावरीचा समुद्रातून आलेला मासा पाहिलेला नाही, पाहणारही नाहीत.

एक फायदा मात्र निखळ आहे, गाळाचा. गोदावरीचा गाळ मुख्यतः पुराच्या पाण्यात येतो, आणि पुराच्या काळात बाभळीची दारं वर असतात, म्हणजे गाळ थांबत नाही. कोल्हापुरी बंधाऱ्याची मूळ कल्पना हीच होती: पावसाळ्यात फळ्या काढायच्या, पाऊस सरता सरता टाकायच्या. आपल्याकडे फळ्या वेळेवर निघत नाहीत, गंजून अडकतात किंवा चोरीला जातात, आणि पहिल्या मोठ्या पुरात नदी बंधाऱ्याला वळसा घालून काठ खाते. आमच्या भागात कडेने फुटलेले असे बंधारे शोधायला लांब जावं लागत नाही. बाभळीत हे होत नाही, कारण तिथे दोन राज्यांचे अधिकारी एकमेकांवर डोळा ठेवून उभे असतात. अविश्वासाने सांभाळलेला हा बहुधा मराठवाड्यातला सगळ्यात शिस्तीचा बंधारा. बाभळीत न थांबलेला गाळ मात्र पोचमपाडात जाऊन बसतो. ते धरण मुळात ११२ टीएमसीचं धरलेलं होतं, ते गाळाने ९० च्याही खाली आलं.

तीन आठवड्यांची गोष्ट

आता मामांच्या प्रश्नाकडे. मी पुढची दोन वर्षं जूनअखेरीला बंधाऱ्यावर जायला लागलो, १ जुलैच्या आधी. एका वर्षी आर्द्रा लागता लागता मांजरेच्या अंगाला जोराचा पाऊस झाला. संगमातून लाल पाणी वर दाबत आलं. दारं बंद. पहाटे साडेपाचला खालच्या फरसावर गुडघाभर पाण्यात मासा नुसता खळबळत होता, दरवाजांतून गळणाऱ्या बारीक धारांकडे तोंड करून. पाठीचे पर पाण्याबाहेर. काठावर जाळी घेऊन चाळीसेक माणसं, आपली आणि पलीकडची, मराठी आणि तेलुगूत एकमेकांना शिव्या देत. एकाने मृगळ उचलली, तिचं पोट बोटाने दाबलं तर पिवळसर गाभोळी तिथल्या तिथे बाहेर आली. दुपारपर्यंत सगळं धर्माबादच्या बाजारात. १ जुलैला सरकारी गाड्या आल्या, दारं उघडली, तेव्हा वर जाणारं त्या लोंढ्यातलं फारसं काही उरलेलं नव्हतं.

मासा कोर्टाचा कागद वाचत नाही. तो पहिल्या लाल पाण्याला निघतो, आणि आपल्याकडे ते मृग-आर्द्रात येतं, म्हणजे बऱ्याचदा १ जुलैच्या आधी. उलट ऑक्टोबरात चढण संपलेली असते. हस्ताच्या पावसात अंडी घालायला कोणी वर जात नाही. तेव्हा जी दारं उघडी राहतात ती माशाच्या कामाची नाहीत, शेतकऱ्याच्या तर मुळीच नाहीत.

म्हणून हे १२० दिवस तीन आठवडे आधी सरकवले तर? १० जून ते ७ ऑक्टोबर, तेही १२० च होतात. मासा सुरुवातीची चढण साधेल आणि शेतकऱ्याला हस्त-चित्राचं परतीचं पाणी धरता येईल. मी हे एका बैठकीत मांडलं तेव्हा पहिला दगड आपल्याच लोकांकडून आला, आणि तो रास्त होता. जून कोरडा गेला तर? १० जूनला उरलासुरला साठा सोडून दिला आणि पाऊस जुलैपर्यंत लांबला, तर नदीकाठच्या गावांनी काय प्यायचं? मराठवाड्यात हा प्रश्न काल्पनिक नाही.

तेव्हा दुरुस्ती अशी केली: दरवाजे पहिल्या पुराला किंवा १ जुलैला, जे आधी येईल तेव्हा उघडावेत. पूर आलाच नाही तर आजच्याइतकंच पाणी राहील, आणि पूर आला तर तळाच्या साठ्याची काळजी करायचं कारण नाही. बंद करताना पोचमपाडकडे बघावं. ते काठोकाठ भरून त्याचे ४२ दरवाजे पाणी सोडत असतील, तर बाभळीने ७ ऑक्टोबरला २.७४ टीएमसी धरल्याने तेलंगणाचं काही जात नाही, ते पाणी तसंही पुढे वाहूनच जायचं. पोचमपाड भरलं नसेल तर २८ ऑक्टोबरच. वाईट वर्षी त्यांच्या शेतकऱ्याचा ऑक्टोबरही आपल्याइतकाच कोरडा असतो.

एका निवृत्त अभियंत्याने यावर जे म्हटलं त्याचं उत्तर माझ्याकडे अजून पूर्ण नाही. त्यांचं म्हणणं, कोर्टाला तारीख आवडते कारण तारखेवर भांडता येत नाही. ‘पहिला पूर’ कोणी ठरवायचा? एक म्हणेल आला, दुसरा म्हणेल हा तर नुसता लोंढा. मी म्हटलं, पाणी मोजणारी जल आयोगाची यंत्रणा आहेच, आकडा ठरवा, इतक्या क्युसेकच्या (सेकंदाला इतके घनफूट) वर गेलं की पूर. ते हसले. “आकडा ठरवायला दोन राज्यांना एका टेबलावर बसावं लागेल, गुरुजी. बसले असते तर २००६ ला कोर्टात गेले असते का?” निकालाच्या तारखा बदलायच्या तर दोघांची संमती हवी किंवा पुन्हा न्यायालयाचं दार. आणि बाभळीचं कुलूप पुन्हा उघडलं तर आहे तेही जाईल, ही भीती नांदेडच्या पुढाऱ्यांना आहे. ती मी समजू शकतो.

तोवर कोर्टाला न विचारता होण्यासारखं एक काम आहे, आणि त्याला ना टीएमसी लागतो ना सही. दारं बंद असताना बंधाऱ्याखालच्या फरसावर, म्हणा पाचशे मीटरपर्यंत, जूनचे शेवटचे पंधरा दिवस जाळं टाकायचं नाही. मामांना विचारलं. ते बराच वेळ गाठी मारत राहिले. मग म्हणाले, आम्ही थांबू, पण पलीकडचे थांबतील का, आणि आम्ही थांबलेलं बघून वरच्या गावचे येतील त्याचं काय? शिवाय मत्स्यबीजाचा हप्ता त्याच महिन्यात भरायचा असतो. नदी मोकळी हवी का, असं सरळ विचारलं तर त्यांचं उत्तर गोंधळात टाकणारं आहे: पावसाळ्यात मोकळी हवी, दिवाळीनंतर बंद. नोव्हेंबर ते मे त्यांचा संसार उभ्या पाण्यावरच चालतो. धरण पाडणाऱ्यांच्या गोष्टी मी त्यांना सांगितल्या होत्या, क्लॅमथच्या वगैरे. त्यांनी विचारलं, तिथं उन्हाळ्यात नदी वाहते का? वाहते म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

यंदापासून अकरावीची चार मुलं एक वही ठेवतात. जून ते ऑगस्ट, दर आठवडी बाजारी मासळीच्या ओळीत जायचं आणि चार गोष्टी लिहायच्या: कोणती जात, साधारण किती वितीचा, पोटात गाभोळी आहे का, आणि बंधाऱ्याच्या खालचा की वरचा. विकणाऱ्या बाया सुरुवातीला हाकलायच्या, घ्यायचं नाही तर हात कशाला लावता म्हणून. आता एकीने स्वतःच सांगायला सुरुवात केली आहे. परवाच्या पानावर तिचं म्हणणं मुलाने जसंच्या तसं उतरवलंय: ‘शिवडा एक, दोन हात, गाभोळी हाय, बळेगावच्या खालचा.’ बाभळी ओलांडून तो तिथवर गेला होता की वरच्याच डोहातला होता, हे वहीवरून कळत नाही. मुलाने कडेला पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.